दुपारी नेट गायब, संध्याकाळी आपोआप हजर: नवा राउटर आणण्याआधी हे तपासा

चैत्र संपत आला की दुपारी माझा फोन वाजायला लागतो. "नेट बंद पडी गयं रे भो," एवढंच पलीकडून ऐकू येतं. अमळनेर आणि आसपासच्या गावांत नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या आणि त्यांच्या ओळखीतल्या घरी जाऊन मी गेली काही वर्षं हाच एक बिघाड काढतोय. राउटर खरोखर जळालेला अशी घरं मला फार थोडी सापडली. नवा राउटर मात्र अनेकांनी माझ्या आधीच आणून ठेवलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोही बंद पडलेला असतो. तो खर्च वाचावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लक्षणं आधी बघू. तुमच्या घरी यातलं नेमकं कोणतं दिसतं ते ठरवा:

- वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या, पण फोन म्हणतो 'इंटरनेट नाही'.
- दुपारी बारा-एकपासून नेट तुटक होतं किंवा जातं, आणि उन्हं कलल्यावर कोणी हात न लावता परत येतं.
- लाइट गेली-आली की नेट लगेच येत नाही, किंवा राउटर दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच बंद होऊन चालू होतो.
- डब्यावर (कंपनीने बसवलेलं, फायबर केबलमधला प्रकाश घेऊन नेट देणारं यंत्र) लाल दिवा लुकलुकतो.
- ओट्यापाशी नेट नाही, ओसरीत आहे.
- फोनवर सगळं चालतं, कॉम्प्युटरवर एकही साइट उघडत नाही.

हे सहा वेगळे आजार आहेत. घरोघरी त्यावर औषध मात्र एकच दिलं जातं: डब्याच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसणं. ते कृपा करून करू नका. त्या भोकातलं बटण रीसेटचं असतं. ते काही सेकंद दाबलं की कंपनीच्या माणसाने भरलेलं युजरनेम, पासवर्ड आणि बाकी सेटिंग पुसलं जातं. मग मूळ बिघाड साधा असला तरी कंपनीचा माणूस येईपर्यंत घर नेटशिवाय बसतं. रीस्टार्ट म्हणजे स्वीच बंद करून चालू करणं. रीसेट ही वेगळी गोष्ट आहे.

फुकटातली तपासणी: बिघाड कुठे आहे

एका फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि मगच वाय-फाय तपासा. हे मी दर घरी सांगतो, कारण वाय-फायवर नेट नसलं तर बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. "माझ्या फोनवर चालतंय की," असं घरातला एक जण सांगतो आणि सगळे कॉम्प्युटरच्या मागे लागतात. डेटा बंद केला की खरं चित्र दिसतं. मग दुसरा फोन, टीव्ही, कॉम्प्युटर एकेक करून बघा. सगळीकडे बंद असेल तर दोष राउटर, केबल किंवा कंपनीकडे. एकाच यंत्रावर बंद असेल तर राउटरला हातही लावू नका, थेट 'फक्त कॉम्प्युटरवरच बंद' या भागाकडे जा.

त्याच मिनिटात रिचार्ज संपलाय का तेही बघून घ्या. काही प्लॅनमध्ये ठरलेला डेटा संपल्यावर नेट बंद होत नाही, वेग एकदम खाली येतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात 'नेट स्लो' म्हणून फोन आला तर मी आधी हेच विचारतो. आणि १०० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला १०० एमबीची फाइल उतरणार, असं नाही. एमबीपीएसमध्ये बिट मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि ८ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे तो वेग जास्तीत जास्त साडेबारा एमबी. सेकंदाला अकरा-बारा दिसत असतील तर तुमचं नेट ठणठणीत आहे.

डब्यावरचे दिवे

फायबरच्या डब्यावर पॉवर, पॉन, एलओएस, इंटरनेट आणि वाय-फाय असे दिवे असतात. नावं थोडी इकडेतिकडे होतील. पॉन हिरवा आणि स्थिर असेल तर केबलमधून प्रकाश नीट येतोय. एलओएस लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोचतच नाहीये, किंवा फार क्षीण पोचतोय. अशा वेळी फोनमधलं नेटवर्क विसरायला लावणं, पासवर्ड बदलणं, कॉम्प्युटर फॉरमॅट करणं यातल्या कशानेही काही होणार नाही.

लाल दिवा दिसला की शेजाऱ्याला विचारा. त्याचंही त्याच कंपनीचं नेट गेलं असेल तर बाहेर केबल तुटली आहे. आपल्याकडे ती विजेच्या खांबांवरून लोंबत असते. कडब्याची उंच रचलेली ट्रॉली गल्लीतून निघाली किंवा वळवाच्या आधीचं वादळ आलं, की ती हमखास तुटते. तक्रार नोंदवा आणि थांबा. शेजाऱ्याचं चालू असेल तर तुमच्या गच्चीपासून डब्यापर्यंतच्या केबलवर संशय घ्या. तिच्याकडे पुढे येतो.

रीस्टार्ट, पण क्रमाने

फायबरचा डबा आणि वाय-फायचा राउटर वेगळे असतील तर दोन्ही स्वीचवरून बंद करा. पूर्ण एक मिनिट थांबा. घाईत दोन सेकंदांत चालू केलं तर आतली साठलेली वीज पुरती उतरत नाही, आणि पलीकडे कंपनीच्या यंत्रात तुमची जुनी जोडणी अजून चालूच असल्याची नोंद राहू शकते. मग नवी जोडणी नाकारली जाते. आधी फायबरचा डबा चालू करा, पॉन स्थिर होऊ द्या, मग राउटर, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्युटर. याने नेट आलं आणि आठवडाभर टिकलं तर विषय संपला. रोज रीस्टार्ट करावं लागत असेल तर पुढे वाचा, कारण मूळ दोष तसाच आहे.

ऊन: खानदेशातला खरा गुन्हेगार

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, कधी त्याच्याही वर. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालेल असं लिहिलेलं असतं, आणि हा आकडा राउटरच्या भोवतालच्या हवेचा आहे. पत्र्याच्या घरात छताखाली वीतभर अंतरावर दुपारी दोन वाजता हवा किती तापते, ते तिथे हात धरून बघा. राउटर नेमका तिथेच टांगलेला असतो. लहान मुलांचा हात पोचू नये आणि केबल वरून येते, ही दोन कारणं.

पारोळ्याच्या मावशीकडे तीन उन्हाळे हेच चाललं होतं. पश्चिमेच्या भिंतीवर, पत्र्याला लागून राउटर. चार वाजता भिंत अशी तापायची की पाठ टेकवत नसे. दोनदा राउटर बदलून झाला होता. मी तो उतरवून मधल्या खोलीतल्या आतल्या भिंतीवर कमरेच्या उंचीला लावला. एवढंच काम. त्यानंतर त्या कारणासाठी तिचा फोन आला नाही.

तुमचा दोष उन्हाचाच आहे का, हे ठरवायला एक वही पुरते. तीन दिवस नेट जाण्याची आणि येण्याची वेळ लिहा. वेळा दुपारभोवती गोळा होत असतील आणि त्या वेळी राउटर हाताला चटका देत असेल, तर त्याची जागा बदला. टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सवर तो कधीच ठेवू नका, एकाची उष्णता दुसऱ्याला लागते. बाजूच्या जाळीतली धूळ कोरड्या ब्रशने काढा. कापसाच्या दिवसांत पुढच्या खोलीत भाव येईपर्यंत कापूस भरून ठेवलेला असेल तर राउटर त्या खोलीत नकोच. जाळीत रुई जाऊन बसते, वारा कोंडतो, आणि कापसाजवळ गरम होणारी विजेची वस्तू ठेवणं मुळातच धोक्याचं आहे.

कूलरबद्दल वेगळं सांगायला हवं. "कूलरसमोर ठेवला की थंड राहील," असं बऱ्याच घरांत करतात. कूलरची हवा ओली असते, शिवाय तुषार उडतात. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर काही महिन्यांत राउटरच्या पिनांवर पांढरट-हिरवट थर चढतो. ओलं फडकं ठेवायचं तर नावच नको. साध्या पंख्याचा वारा चालेल.

अ‍ॅडॉप्टर

जागा बदलूनही राउटर आपोआप बंद-चालू होत असेल तर काळा अ‍ॅडॉप्टर बघा. हा भाग मी राउटरच्या आधी बदलायला सांगतो, कारण तो त्या मानाने अगदी स्वस्त आहे आणि आधी मरतो तोच. फसवा मात्र आहे. दिवे लावण्यापुरती वीज तो देतो, पण चार-पाच फोनवर एकदम व्हिडिओ सुरू झाले आणि राउटरने जास्त वीज मागितली की व्होल्टेज कोसळतं आणि राउटर बसतो. लोक म्हणतात, "दिवे तर लागताहेत, अ‍ॅडॉप्टर चांगला आहे." दिव्यांवरून ते कळत नाही.

बदलताना अ‍ॅडॉप्टरवरचे आकडे वाचा. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, १२ ला १२. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाही. पिनेची जाडी आणि तिच्यावरच्या अधिक-उण्याची छोटी आकृतीही जुळली पाहिजे. एका घरी सेटटॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर 'बसतोय' म्हणून लावला होता. पीन बसली, व्होल्ट जुळत नव्हते, राउटर गेला.

लाइट गेल्या-आल्यावर त्रास होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असा खटका आहे का बघा. नॉर्मलमध्ये बॅटरीवर जाताना क्षणभर खंड पडतो. पंख्याला तो कळत नाही, राउटर आणि कॉम्प्युटरला कळतो. यूपीएस मोडमध्ये हा खंड फार कमी होतो. मात्र त्या मोडमध्ये व्होल्टेज थोडं उतरलं तरी इन्व्हर्टर बॅटरी वापरायला लागतो. खेड्यात शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज उतरतं, म्हणून बॅटरी दिवसभरात संपत तर नाही ना, यावर लक्ष ठेवा. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, नुसता राउटर चालू ठेवून उपयोग नाही.

केबल: बिबड्यांपासून कानबाईपर्यंत

फायबरच्या केबलमध्ये काचेचा धागा असतो, जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. तो तुटायच्या आधीच दगा देतो: जास्त वाकवला की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो आणि पलीकडे कमी पोचतो. केबल बाहेरून धडधाकट दिसते, नेट मात्र तुटक होतं.

वाकते कधी, तर उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे-कुरडया घालताना कोणी केबल बाजूला सारून विटेखाली दाबतं. तिच्यावर कपडे वाळत पडतात. श्रावणात कानबाईच्या सणाआधी घराला रंग देताना रंगारी तिला खिळ्याभोवती गुंडाळतो. खिडकीच्या फटीतून आणलेली केबल पल्ला लावला की चेपते. ज्या घरी नेट एखाद्या सणानंतर बिघडलं, तिथे मी आधी विचारतो, "आवरासावर करताना केबल कोणी हलवली का?" बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

गच्चीपासून डब्यापर्यंत केबलच्या मागोमाग चालत जा. जिथे काटकोन असेल तिथे हलक्या हाताने वळण मोठं करा. उरलेल्या केबलचं वेटोळं बांगडीपेक्षा लहान नको. तिच्यावर दोरी, कपडा, वीट काही नको.

इथे थांबायचं. डब्यातलं टोक स्वतः काढू नका. हिरव्या आणि निळ्या टोकांची घासणी वेगळी असते, एकाच्या जागी दुसरं चालत नाही, आणि टोकाला बोट किंवा पदर लागला तरी प्रकाश अडतो. काढलेल्या टोकात डोळा लावून तर कधीच बघू नका. त्यातला लेझर डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो बंद आहे असं वाटतं. लहान मुलांनाही हे सांगून ठेवा.

राउटर ते कॉम्प्युटर ही साधी लॅनची वायर मात्र तुम्ही बदलू शकता. तिच्यात आठ तारा असतात. १०० एमबीपीएसपर्यंत चारच पुरतात, त्यामुळे उंदराने एखादी तार कुरतडली तरी कधी कधी नेट चालू राहतं, वेग तेवढा १०० वर अडकतो. टोकाची प्लास्टिकची जीभ मोडली असेल तर वायर हळूहळू सैल होते. दुसऱ्या पोर्टमध्ये घालून बघा, मग दुसरी वायर लावून बघा.

एका खोलीत आहे, दुसरीत नाही

हा बिघाड नसतो, भिंत असते. जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या दोन-दोन फुटी भिंती, त्यात लोखंडी कपाट आणि पत्रा. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीला लवकर हरतो. २.४ चा पट्टा हळू, पण लांब जातो. लांबच्या खोलीत २.४ ला जोडा. गल्लीत दाटीने राउटर असतील तर २.४ साठी १, ६ किंवा ११ नंबरचा चॅनेल निवडा, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की घरातले चार फोन बारा होतात. तेव्हा वेग कमी झाला तर राउटरला दोष देऊ नका.

फक्त कॉम्प्युटरवरच बंद

सगळ्यात आधी घड्याळ बघा. खालच्या कोपऱ्यात तारीख बरोबर आहे का? सुरक्षित साइट उघडताना कॉम्प्युटर तिचं प्रमाणपत्र आजच्या तारखेशी ताडून बघतो. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं आणि प्रत्येक साइटवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं. एका मुलीचा प्रवेशाचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. सकाळपासून घरचे कंपनीला फोन करत होते. तारीख दुरुस्त केली आणि दोन मिनिटांत साइट उघडली. लाइट गेल्यावर दर वेळी तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा गोल सेल संपलाय. सीआर २०३२ मागा, घड्याळवाल्याकडेही मिळतो. बदलण्याआधी वायर भिंतीतून काढा. कधी पेटी उघडली नसेल तर दुकानात न्या, दहा मिनिटांचं काम आहे.

तारीख ठीक असेल तर ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. बहुतेक वेळा तो १९२.१६८.१.१ असतो, खालच्या स्टिकरवर लिहिलेला सापडेल. ते पान उघडलं तर कॉम्प्युटर ते राउटर रस्ता साफ आहे. उघडलं नाही, आणि नेटवर्कच्या माहितीत कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही. वाय-फाय नेटवर्क विसरायला लावून पुन्हा पासवर्ड टाका. राउटरचं पान उघडतं पण साइट उघडत नाहीत, असं असेल तर डीएनएस बदलून बघा, ८.८.८.८ किंवा १.१.१.१. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सोय. ती अडली की रस्ता असूनही घर सापडत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये कोणी जाहिराती बंद करायला 'प्रायव्हेट डीएनएस' भरून ठेवला असेल तर तो 'ऑटोमॅटिक' करा. विंडोजमधला 'नेटवर्क रीसेट' सगळ्यात शेवटी, कारण तो साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड पुसतो.

इथे हात काढून घ्या

अ‍ॅडॉप्टर फुगलाय, जळका वास येतोय, प्लगमध्ये ठिणगी दिसते: मेन स्वीच बंद करा आणि वायरमन बोलवा. कॉम्प्युटरच्या पेटीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलंय. हे नेटपेक्षा फार गंभीर आहे, त्या दिवशीच बघून घ्या. खांबावरची केबल स्वतः ओढू नका, काठीनेसुद्धा नाही. तिला विजेची तार चिकटलेली असू शकते. वीजतार तुटून लोंबत असेल तर लांब राहा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

लाल दिवा क्रमाने रीस्टार्ट करूनही गेला नाही, किंवा पॉन हिरवा आहे, सगळ्या यंत्रांवर नेट बंद आहे आणि रिचार्ज चालू आहे, तर घरात करण्यासारखं काही उरलं नाही. कंपनीला फोन करा. नंबर बिलावरचा किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधला घ्या. गूगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेले नंबर ठगांचेही असतात. स्क्रीन दाखवायला लावणारं अ‍ॅप टाका, ओटीपी सांगा, असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर तक्रार करा, उशीर झाला की रक्कम थांबवणं कठीण जातं.

माणूस आला की त्याला डब्यातला प्रकाशाचा आकडा विचारा. तो उण्यात असतो, डीबीएम म्हणतात. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असेल तर बरं. उणे २७ च्या आसपास असेल तर आज चालेल आणि उद्या बंद पडेल, म्हणून त्याला टोक किंवा जोड पुन्हा करायला सांगा. आकड्याचा फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी कामाला येतो.

आणि तक्रार नोंदवतानाच वेळ ठरवून घ्या. तो सकाळी दहाला येतो तेव्हा सगळे दिवे हिरवे असतात, 'प्रॉब्लेम नाही' लिहून तो तक्रार बंद करतो आणि एक वाजता नेट जातं. वहीतल्या तीन दिवसांच्या वेळा त्यांना वाचून दाखवा आणि माणूस दुपारी दोन ते चारमध्येच पाठवा म्हणून सांगा.